टो ब्लेक : दुसऱ्याचा राग सांभाळायला नेमलेला माणूस

१७ मार्च १९५५ची रात्र. कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात ‘फोरम’ नावाच्या बंदिस्त क्रीडागृहात बर्फावरच्या हॉकीचा सामना रंगायला हवा होता. परंतु प्रेक्षकांचे खेळाकडे लक्षच नव्हते. पाहुणा डेट्रॉइटचा संघ ४-१ असा पुढे होता आणि हजारो डोळे प्रेक्षागारात येऊन बसलेल्या एका नीटनेटक्या, गंभीर गृहस्थावर रोखलेले होते. त्याच्या दिशेने अंडी, टोमॅटो, हाताला लागेल ते फेकले जात होते. पहिले सत्र संपताच कोणीतरी अश्रुधुराचे नळकांडे फोडले. अग्निशमन अधिकाऱ्यांनी क्रीडागृह रिकामे करविले, सामना डेट्रॉइटला बहाल झाला आणि बाहेर पडलेला जमाव सेंट कॅथरीन रस्त्यावर काचा फोडत, दुकाने लुटत मध्यरात्र उलटेपर्यंत फिरत राहिला.

तो गृहस्थ म्हणजे नॅशनल हॉकी लीगचा, अर्थात ‘एनएचएल’चा अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्पबेल. ज्याच्यासाठी शहर पेटले तो खेळाडू मॉरिस रिशार. या दोघांविषयी बरेच लिहिले गेले आहे. हा धागा आहे तिसऱ्या माणसाचा. त्या रात्रीशी त्याचा काहीच संबंध नव्हता, पण पुढची तेरा वर्षे त्या रात्रीचा हिशेब त्यालाच सांभाळावा लागला. त्याचे नाव हेक्टर ब्लेक. सगळे त्याला ‘टो’ म्हणत.

नावाची गोष्ट साधी आहे. धाकट्या बहिणीला ‘हेक्टर’ म्हणता येईना. तिच्या तोंडी शेवटचा तुकडा तेवढा राहिला, आणि तोच आयुष्यभर चिकटला.

ब्लेकचा जन्म २१ ऑगस्ट १९१२ रोजी ऑन्टारिओ प्रांतातील व्हिक्टोरिया माइन्स या खाणवस्तीत झाला. सडबरी परिसर निकेलच्या खाणींचा. पुढच्याच वर्षी कंपनीने आपली धातू वितळवण्याची भट्टी तेथून कॉनिस्टन या गावी हलवली आणि वस्तीही तिच्यामागे गेली. टो वाढला तो कॉनिस्टनमध्ये. त्या भागात हिवाळा दीर्घ, बर्फ फुकट आणि खाणीखेरीज दुसरा मार्ग दाखवणारा खेळ एकच. या बालपणातली एक गोष्ट पुढे निर्णायक ठरली. त्याची आई फ्रेंच-कॅनेडियन होती. आडनाव इंग्रजी, पण घरात फ्रेंच कानावर पडत असे. दोन भाषा त्याने शाळेत शिकल्या नाहीत. तो त्यांच्या मधोमध मोठा झाला.

आपल्याकडे हॉकी म्हटले की मैदान, चेंडू आणि मेजर ध्यानचंद आठवतात. येथे मात्र पायात स्केट्स, चेंडूऐवजी रबराची चपटी चकती, गोलरक्षकासह सहा जणांचा संघ आणि वीस-वीस मिनिटांची तीन सत्रे असतात. अंगाला अंग भिडवणे हा खेळाचाच भाग. नियम मोडणाऱ्याला ठरावीक मिनिटे दंडकक्षात बसावे लागते आणि तेवढा वेळ त्याचा संघ एका गड्याने कमी पडतो. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे त्याच्या गोलांसोबत दंडाच्या या मिनिटांचीही नोंद ठेवली जाते. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी, कारण इतिहासाच्या विद्यार्थ्याला माणसाच्या रागाचे मोजमाप सहसा मिळत नाही. येथे ते वर्षागणिक, मिनिटांत मिळते.

खेळाडू म्हणून ब्लेक थोर होता, हे आज सहज विसरले जाते. १९३४-३५च्या हंगामात तो मॉन्ट्रियल मरून्सकडून थोडेसेच सामने खेळला. त्या संघाने त्या वर्षी स्टॅनले कप जिंकला. १९३६ साली तो कॅनेडियन्स संघात आला. १९३८-३९मध्ये ४८ सामन्यांत ४७ गुण मिळवून तो लीगमध्ये पहिला आला आणि सर्वांत मोलाच्या खेळाडूचा हार्ट करंडकही त्यालाच मिळाला. गोल झाला की गोलजाळ्यामागचा लाल दिवा पेटतो. तो वारंवार पेटवणारा म्हणून ब्लेकला ‘दिवे लावणारा’ अशा अर्थाचे टोपणनाव पडले. (मराठीत ‘दिवे लावणे’ याचा अर्थ निराळा होतो, हा त्याचा दोष नव्हे.) १९४०पासून तो कर्णधार होता.

१९४३-४४च्या हंगामात प्रशिक्षक डिक आयर्विन यांनी तीन जणांची आघाडीची फळी बांधली. मध्ये सस्कॅचेवानचा एल्मर लाक, डावीकडे ब्लेक आणि उजवीकडे बावीस वर्षांचा मॉरिस रिशार. रिशार मॉन्ट्रियलच्या कामगारवस्तीतला. वडील रेल्वेच्या कारखान्यात कामाला. संघात आला तेव्हा त्याला इंग्रजी जवळजवळ येत नव्हते. १९४४-४५मध्ये या तिघांनी लीगच्या गुणतक्त्यातील पहिली तिन्ही स्थाने पटकावली : लाक ८०, रिशार ७३, ब्लेक ६७. त्याच हंगामात रिशारने ५० सामन्यांत ५० गोल केले. त्याआधी असा पराक्रम कोणी केला नव्हता. त्या पन्नासांतल्या अनेक गोलांची चकती ब्लेकच्या स्टिकवरून आलेली होती.

आता मिनिटे पाहा. १९४५-४६च्या संपूर्ण हंगामात ब्लेक पन्नास सामने खेळला आणि दंडकक्षात बसला फक्त २ मिनिटे. त्या वर्षी सभ्य खेळाचा लेडी बिंग करंडक त्याला मिळाला. रिशारचे आकडे दुसऱ्याच जगातले होते. नऊ वर्षांनंतरही, १९५४-५५मध्ये, ते १२५ मिनिटे होते.

जानेवारी १९४८मध्ये न्यू यॉर्क रेंजर्सविरुद्धच्या सामन्यात ब्लेकच्या पायाचे हाड मोडले आणि त्याची एनएचएलमधील खेळी तेथेच संपली. गोल २३५, वय पस्तीस. पुढची सात वर्षे त्याने दुय्यम लीगमध्ये प्रशिक्षणाची उमेदवारी केली : ह्यूस्टन, बफेलो आणि मग सर्वाधिक काळ क्वेबेकमधील व्हॅलीफील्ड. हे शेवटचे गाव फ्रेंच भाषकांचे. आईकडून आलेली भाषा तेथे कामाची भाषा झाली.

दरम्यान रिशार केवळ खेळाडू राहिला नव्हता. मॉन्ट्रियल शहरात बहुसंख्य फ्रेंच, पण बँका, कारखाने, मोठी दुकाने आणि त्यांतली वरची पदे बहुतांशी इंग्रजी भाषकांकडे होती. मुकादम इंग्रजीत बोले, कामगार फ्रेंचमध्ये शिव्या देत असे. अशा शहरात आठवड्यातून दोनदा एक फ्रेंच भाषक कामगारपुत्र बर्फावर उतरे आणि कोणाचेही ऐकून घेत नसे. त्याच्या रागात लोकांना स्वतःचा राग दिसू लागला होता. जानेवारी १९५४मध्ये एका फ्रेंच साप्ताहिकातल्या आपल्या नावाच्या स्तंभात रिशारने कॅम्पबेलला हुकूमशहा म्हटले. परिणाम असा की त्याला माफी मागावी लागली, स्तंभ बंद करावा लागला आणि चांगल्या वर्तणुकीची हमी म्हणून १,००० डॉलर अनामत ठेवावी लागली. ज्यांच्यासाठी तो लिहीत होता, त्यांनी या अनामतीचा अर्थ आपापल्या परीने लावला.

१३ मार्च १९५५ रोजी बॉस्टन येथे हॅल लेको या प्रतिस्पर्ध्याची स्टिक रिशारच्या डोक्याला लागली. लेको हा चष्मा घालून खेळणारा, एके काळी कॅनेडियन्समध्येच असलेला खेळाडू. रक्त पाहून रिशार उसळला. त्याने लेकोवर स्टिकने वार केले आणि आवरायला आलेल्या क्लिफ थॉम्पसन या रेषापंचाला ठोसे मारले. तीन दिवसांनी सुनावणी झाली. हंगामातील उरलेले तीन सामने आणि संपूर्ण बाद फेरी यांतून त्याला निलंबित करण्यात आले. पंचावर हात टाकणाऱ्याला शिक्षा व्हायला हवी, याबद्दल फारसे दुमत असण्याचे कारण नव्हते. वाद होता तो मापाचा. आणि ते माप घेणाऱ्याने दुसऱ्या दिवशी फोरममध्ये येऊन बसण्याचा हट्ट धरला. कॅम्पबेल वकील होता, पूर्वाश्रमीचा हॉकी पंच होता, युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांत कॅनडातर्फे काम केलेला माणूस होता. नियम त्याला कळत होता. समोरचे शहर कळत होते असे म्हणवत नाही.

१८ मार्चला रिशारने रेडिओवरून फ्रेंच आणि इंग्रजीत शांततेचे आवाहन केले. शिक्षा मान्य असल्याचे सांगितले. शहर शांत झाले. त्या वर्षीचे गुणांचे विजेतेपद त्याच्या हातातून गेले. त्याचाच सहकारी बर्नार जोफ्रियाँ ७५ गुणांवर पोहोचला, रिशार ७४वर थांबला, आणि आपल्याच क्रीडागृहात जोफ्रियाँची हुर्यो उडवली गेली. पंधरा वर्षांहून मोठ्या कारकिर्दीत रिशारला तो मान एकदाही मिळाला नाही. अंतिम लढतीत कॅनेडियन्स सातव्या सामन्यात डेट्रॉइटकडून हरले.

येथे एक सावधगिरी. या दंगलीला क्वेबेकमधील ‘शांत क्रांती’ची पहिली ठिणगी म्हणण्याची पद्धत आहे. ती क्रांती प्रत्यक्षात आली १९६०मध्ये, प्रांताचा दीर्घकालीन मुख्यमंत्री मॉरिस द्यूप्लेसी याच्या मृत्यूनंतर आणि निवडणुकीच्या वाटेने. पाच वर्षांनंतरच्या घटनेला आधीच्या घटनेत पाहणे मोहक असते. लोकांनीही ते केले, आणि म्हणूनच ती दंगल आज पाठ्यपुस्तकात आहे. पण १९५५च्या उन्हाळ्यात मॉन्ट्रियलमध्ये कोणालाही क्रांती दिसत नव्हती. संघाचा सरव्यवस्थापक फ्रँक सेल्की याला तर एकच प्रश्न दिसत होता : याला आवरणार कोण?

सेल्कीच्या मते प्रशिक्षक आयर्विन रिशारचा राग शमवण्याऐवजी फुंकर घालीत असे. आयर्विन शिकागोला गेला. आणि ८ जून १९५५ रोजी कॅनेडियन्सच्या प्रशिक्षकपदी टो ब्लेक याची नियुक्ती झाली. रिशारचा जुना जोडीदार, जुना कर्णधार, दोन्ही भाषा बोलणारा, आणि एका हंगामात दोनच मिनिटे दंडकक्षात बसलेला. कागदावर याहून योग्य माणूस सापडणे अवघड होते.

ब्लेकने नेमके काय केले? या प्रश्नाचे उत्तर शोधताना अनेकांची निराशा होते, कारण त्याने कोणतीही नवी व्यूहरचना शोधली नाही. फळ्यावर लांबलचक आकृत्या काढणाऱ्यांपैकी तो नव्हता. त्याच्या हाती असलेला संघच अपूर्व होता : जाँ बेलिव्हो, जोफ्रियाँ, डिकी मूर, डग हार्वी, गोलरक्षक जाक प्लांत, आणि त्याच वर्षी आलेला रिशारचा एकोणीस वर्षांचा धाकटा भाऊ आँरी. अशा संघाचा प्रशिक्षक कोणीही यशस्वी झाला असता, असा आक्षेप तेव्हाही घेतला जाई. तो पुरता खरा वाटत नाही. आयर्विनपाशी यांतले बहुतेक जण होतेच. थोर खेळाडूंची मोट बांधणे ही स्वतंत्र विद्या आहे, आणि ब्लेकला ती होती. कोणाला चारचौघांत झापायचे, कोणाला एकट्याला गाठून सांगायचे, कोणाला काहीच बोलायचे नाही, हे त्याला कळत असे. जोडीला हार सहन न होण्याचा स्वभाव. शब्दही सौम्य नसत. दोन्ही भाषांतल्या शिव्यांवर त्याचे सारखेच प्रभुत्व होते म्हणतात.

आकडे बोलतात. रिशारची दंडाची मिनिटे १९५४-५५मध्ये १२५ होती. ब्लेकच्या पहिल्या वर्षी ती ८९ झाली, दुसऱ्या वर्षी ७४. गोल मात्र कमी झाले नाहीत. १९५५-५६मध्येही ते ३८च राहिले, दंगलीच्या वर्षाइतकेच. संघाने ७० पैकी ४५ सामने जिंकले आणि अंतिम फेरीत डेट्रॉइटला हरवून स्टॅनले कप मिळवला. १९५६मध्ये रिशार कर्णधार झाला. ज्याच्या वर्तणुकीसाठी अनामत घेतली होती त्याच्या हाती संघ सोपवला गेला, आणि तो त्याने सांभाळला. धाकटा भाऊ शेजारी खेळत असल्याचाही यात वाटा असावा. सगळे श्रेय प्रशिक्षकाला देणे इतिहासाला धरून होणार नाही.

मग १९५७ आला, १९५८, १९५९, १९६०. बॉस्टनला दोनदा, टोरांटोला दोनदा हरवून सलग पाच स्टॅनले कप. सलग पाच कप त्याआधी कोणी जिंकले नव्हते आणि त्यानंतरही कोणाला जमलेले नाही. या संघाने खेळाचा नियमसुद्धा बदलायला लावला. तेव्हा दंड झालेल्या खेळाडूला दोन मिनिटे पूर्ण बसावेच लागे, दरम्यान कितीही गोल झाले तरी. ५ नोव्हेंबर १९५५ रोजी बॉस्टनविरुद्ध अशा एका संधीत बेलिव्होने ४४ सेकंदांत तीन गोल केले. पुढच्या उन्हाळ्यात लीगने ठरवले की एक गोल झाला की दंडित खेळाडू परत येऊ शकेल. लीगमध्ये सहा संघ होते. विरोधात मत एकच पडले. ते कोणाचे, हे सांगायला नको.

या यशाच्या काळातला ब्लेकचा एक पराभव मात्र सांगण्यासारखा आहे, कारण त्यात माणूस दिसतो. त्या काळी गोलरक्षक उघड्या चेहऱ्याने उभे राहत. प्लांतने सरावासाठी मुखवटा बनवून घेतला होता. सामन्यात तो घालू द्यायला ब्लेकचा विरोध होता : त्याने चकती नीट दिसणार नाही, आणि मुखवटा घालणारा भित्रा ठरेल. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यू यॉर्क येथे अँडी बाथगेटचा फटका प्लांतच्या तोंडावर बसला. टाके घालून तो परत आला, पण अट घालून : मुखवट्याशिवाय उतरणार नाही. संघासोबत दुसरा गोलरक्षक ठेवण्याची तेव्हा पद्धत नव्हती. ब्लेकने नाइलाजाने मान्यता दिली. सामना ३-१ असा जिंकला. जखम भरेपर्यंतच, असे ठरले होते. पण संघ हरेचना, मग काढायला सांगायचे कोणी? अखेर मार्च १९६०मध्ये ब्लेकच्या आग्रहावरून प्लांत एकदा उघड्या चेहऱ्याने उतरला. डेट्रॉइटने ३-० असे हरवले. मुखवटा परत आला तो कायमचा. पुढे जगभरचे गोलरक्षक तो घालू लागले. माणसांना ओळखणारा प्रशिक्षक वेदनेच्या बाबतीत मात्र आपल्या पिढीचाच होता : खाणीच्या गावात वाढलेल्याला चेहऱ्यावरचे टाके ही धंद्याची किंमत वाटत असे. यात क्रूरपणा नव्हता; पण तो चुकला होता, हेही खरे.

सप्टेंबर १९६०मध्ये मॉरिस रिशार निवृत्त झाला. ज्या कामासाठी ब्लेकला नेमले होते ते काम येथे संपले असे कोणी म्हणू शकले असते. आणि बरोबर सहा महिन्यांनी घडलेली गोष्ट कोणा कादंबरीकाराने लिहिली असती तर अतिरंजित ठरली असती.

२६ मार्च १९६१, शिकागो. बाद फेरीच्या उपांत्य लढतीतला तिसरा सामना. मालिका १-१ अशी बरोबरीत. नियमित वेळेत निकाल लागला नाही म्हणून जादा सत्र, त्यातही नाही म्हणून दुसरे, मग तिसरे. जवळजवळ दोन सामन्यांइतका खेळ झालेला. खेळाडूंचे पाय उचलत नाहीत. अशा वेळी पंच डाल्टन मॅकआर्थर याने कॅनेडियन्सच्या डिकी मूरला दंड दिला. एक गडी कमी असताना शिकागोच्या मरे बॅल्फोरने गोल केला आणि सामना संपला. ब्लेक बाकामागून निघाला, डोक्यावरची नेहमीची फेल्ट हॅट आणि अंगावरचा सूट तसाच, बर्फावरून चालत मॅकआर्थरपर्यंत गेला आणि त्याला ठोसा मारला.

सहा वर्षांपूर्वी एका माणसाने सामना अधिकाऱ्यावर हात टाकला म्हणून शहर पेटले होते. त्या माणसाला सांभाळायला ज्याला आणले, त्यानेच पंचाला मारले. आणि न्याय करायला बसला तो तोच क्लॅरेन्स कॅम्पबेल.

शिक्षा : २,००० डॉलर दंड. निलंबन नाही. पुढच्या सामन्याला ब्लेक नेहमीच्या जागी उभा होता.

या दोन शिक्षा शेजारी ठेवल्या की डोळ्यांत भरतो तो भाषेचा फरक. एक नाव रिशार, दुसरे ब्लेक. तेवढ्यावर निकाल देऊन टाकण्याचा मोह होतो, आणि तो अगदीच निराधार नाही. तरी दुसरी बाजू मांडली पाहिजे. रिशारच्या हातात स्टिक होती आणि त्याने ती वापरली होती. त्याच्या नावावर आधीचे प्रकार होते, शेवटचा तर तीनच महिन्यांपूर्वीचा. ब्लेकचा अपराध एका ठोशाचा. दोन हजार डॉलर ही त्या काळी लहान रक्कमही नव्हती. शिवाय कदाचित कॅम्पबेलही १९५५मध्ये काही शिकला असेल. एका माणसाला शिक्षा करताना आपण किती जणांना शिक्षा करतो आहोत, याची मोजणी त्याने या वेळी केली असेल. हे सारे मान्य करूनही एक गोष्ट उरते. रिशारचा राग त्याच्या समाजाचा मानला गेला आणि त्याचे माप तसे घेतले गेले. ब्लेकचा राग एकट्या ब्लेकचा, एका थकलेल्या रात्रीचा मानला गेला. ज्याच्यामागे जमाव उभा नाही त्याला माफ करणे सत्तेला सोपे जाते. ब्लेकची आई फ्रेंच होती हे येथे कोणाला आठवले नाही. आडनाव पुरेसे होते.

आणखी एक शक्यता नोंदवण्यासारखी आहे. खेळताना दोन मिनिटांवर थांबणारा माणूस पन्नाशीला आला असताना बर्फावर उतरून पंचाला मारतो, तेव्हा मधल्या काळात त्याच्यात काय साठत गेले असेल? खेळाडूचा राग पायांतून, खांद्यांतून वाहून जातो. प्रशिक्षक बाकामागे उभा असतो. त्याला धावता येत नाही, धक्का देता येत नाही, गोल करता येत नाही. दुसऱ्यांना शांत ठेवणे हेच ज्याचे काम, त्याच्या स्वतःच्या रागाची नोंद तक्त्यात कोठेच होत नाही. बाकामागच्या माणसाची मिनिटे कोणी मोजत नाही.

ती मालिका कॅनेडियन्स हरले. शेवटचे दोन्ही सामने शिकागोने ३-० असे जिंकले आणि पाच वर्षांची मालकी संपली. त्यानंतर हार्वी गेला, १९६३मध्ये प्लांत गेला. चार वर्षे कप आला नाही. ब्लेकने दुसरा संघ बांधला, पहिल्याइतका झगमगीत नसलेला, बेलिव्हो आणि आँरी रिशार यांच्याभोवतीचा. १९६५ आणि १९६६मध्ये पुन्हा कप आला. अनेक अभ्यासकांना हे दोन कप आधीच्या पाचांहून मोलाचे वाटतात, आणि त्यांचे म्हणणे पटते : पहिला संघ त्याला मिळाला होता, दुसरा त्याने घडवला.

पण किंमत चढत होती. हरलेल्या सामन्यानंतर त्याच्या आसपास कोणी फिरकत नसे. मॉन्ट्रियलमध्ये दुसरे येणे म्हणजे अपयश. १९६७मध्ये टोरांटोकडून अंतिम फेरीत हार झाली, तेही कॅनडाच्या शताब्दी वर्षात, तेव्हा शहराने ते मनावर घेतले आणि त्याने शहराहून अधिक.

११ मे १९६८. फोरम. प्रतिस्पर्धी सेंट लुईस ब्लूज, लीगचा विस्तार झाल्यावर त्याच वर्षी निर्माण झालेला संघ. त्याचा तरुण प्रशिक्षक स्कॉटी बोमन कॅनेडियन्सच्याच व्यवस्थेत वाढलेला, ब्लेकला पाहत शिकलेला. (पुढे २००२मध्ये नववा कप जिंकून ब्लेकचा विक्रम मोडणारा तो हाच.) मालिका ४-० अशी सुटली, पण चारही सामने एकेका गोलाने. सेंट लुईसकडून डिकी मूर खेळत होता. गुडघे निकामी होऊन दोनदा निवृत्त झालेला, तरी पुन्हा उतरलेला. शिकागोतल्या त्या रात्री दंडकक्षात बसलेला मूर तो हाच.

चौथा सामना कॅनेडियन्सनी ३-२ असा जिंकला. ब्लेकचा प्रशिक्षक म्हणून हा आठवा कप. खेळाडू म्हणून मिळालेले तीन धरले तर अकरावा. त्याच रात्री त्याने पद सोडल्याचे जाहीर केले. वय पंचावन्न. कारण दिले ते एकच, की हा ताण आता सोसवत नाही. साखळी सामन्यांतली नोंद अशी : ९१४ सामने, ५०० विजय, २५५ पराभव, १५९ बरोबरी. पाचशेचा आकडा इतका वाटोळा आहे की ठरवून थांबल्यासारखे वाटावे. तसे काही नव्हते.

अखेरच्या वर्षांत त्याला स्मृतिभ्रंशाने ग्रासले. १७ मे १९९५ रोजी तो वारला. पुढच्या मार्चमध्ये जुन्या फोरमला निरोप देताना मॉरिस रिशार बर्फावर आला आणि लोकांनी मिनिटांमागून मिनिटे टाळ्या थांबू दिल्या नाहीत. २००० साली रिशार गेला तेव्हा क्वेबेकने त्याला शासकीय इतमामात निरोप दिला.

ब्लेकची हॉकीच्या मानवंदनागृहात निवड झाली होती १९६६ साली, तो अजून बाकामागे उभा असतानाच. तेथे त्याचे नाव आजही खेळाडूंच्या यादीत आहे.